बाईंच्या पानावरची सावड

मनकर्णाबाईंना बोरमळ्यात कुणी आजी म्हणत नाही की काकू म्हणत नाही. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, शाळेची कौलं जाऊन स्लॅब आला, पोरांच्या दप्तरातली पाटी गेली आणि घराघरांत मोबाईल आला, पण बाई त्या बाईच राहिल्या. संगमनेरहून येणाऱ्या एसटीतून त्या फाट्यावर उतरल्या की पन्नाशीतला बाप्या हातातली विडी पाठीमागे नेतो. बाईंना ते दिसतं. त्या न बघितल्यासारखं करतात आणि तो चौथीत कुठल्या रांगेत बसायचा ते मनातल्या मनात आठवतात.

विसरणं बाईंना कधी जमलंच नाही. पहिली नेमणूक अकोल्याकडच्या डोंगरात झाली, तिथल्या एकखोली शाळेतल्या पोरांची नावंसुद्धा त्या अजून हजेरी घेतल्यासारखी म्हणून दाखवतात. म्हणूनच स्नेहल जेव्हा त्यांच्या पुढ्यात तो टॅब घेऊन बसली आणि "बाई, विकी म्हणजे काय सांगते," म्हणाली, तेव्हा बाईंना आधी आठवली ती त्या शाळेतली पाटी.

स्नेहलही बाईंचीच विद्यार्थिनी. आता तालुक्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. तिनं समजावलं, "हे आपलं संकेतस्थळ. नाव ठेवलंय अभ्यासाचा कट्टा. इथं एकेका धड्याचं एकेक पान. कुणीही लिहायचं, कुणीही दुरुस्त करायचं. एकीला जे कळलं ते तिनं मांडायचं, दुसरीनं त्यात भर घालायची."

"म्हणजे दोघींत एक पाटी," बाई म्हणाल्या. "आमच्याकडं तेव्हा पाट्या पुरत नव्हत्या. एकीनं गणित मांडायचं, शेजारणीनं तपासून चुकलं ते पुसायचं. भांडणं व्हायची, पण गणित दोघींना यायचं."

"अगदी तसंच. फक्त इथं पुसलेलंही मागं शिल्लक राहतं."

"मग ही आमच्या पाटीपेक्षा बरी," असं म्हणून बाईंनी टॅब आपल्या मांडीवर ओढून घेतला. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी नवीन काही शिकायचं म्हटल्यावर माणसं कचरतात. बाई कचरल्या नाहीत. चार दिवसांत त्या मराठी टंकायला शिकल्या आणि पाचव्या दिवशी स्नेहलचंच एक वाक्य त्यांनी सुधारलं.

हा सगळा खटाटोप तिघींसाठी होता. गावातल्या तीन बायका सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसत होत्या. एक आक्काबाई. वय छप्पन्न. बाईंच्या हाताखाली चौथी झाली, पुढं पाचवी होते न होते तोच लग्न झालं. आता नातवंडं मोठी झाली म्हणून ठरवलं, राहिलेलं उरकून टाकू. दुसरी तिची सून दिपाली. तिची शाळा नववीत सुटली होती. सासू परीक्षेला बसते म्हटल्यावर सुनेला कोण अडवणार? आणि तिसरी मुमताज, तीही चौथीपर्यंत बाईंच्याच वर्गातली.

मुमताजचं तसं नव्हतं. आक्काबाई हौसेनं बसली होती, मुमताज गरजेनं. संगमनेरात एका बाळंतपणाच्या दवाखान्यात ती मावशी म्हणून काम करायची. फरशी पुसायची, चादरी बदलायची, रडणारं मूल उचलायची. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिचा हात बघितला होता. अडलेल्या बाईला धीर कसा द्यायचा हे तिला उपजत कळत होतं. त्या म्हणाल्या होत्या, "तू दहावी हो, मी तुला नर्सिंगच्या सहायकाच्या प्रशिक्षणाला पाठवते." पण त्या प्रशिक्षणाला पस्तिशीच्या पुढं प्रवेश नव्हता आणि मुमताज चौतिशीत होती. मागच्या वर्षी बाकी सगळं निघालं, विज्ञानात अडकली. प्रवेश जूनमध्येच संपायचे, त्यामुळं औंदाची मार्चची परीक्षा हीच काय ती तिच्या हातात उरली होती.

तिघींना एका वेळी एकत्र बसवणं बाईंना जमत नव्हतं. मुमताजची ड्यूटी कधी सकाळी, कधी रात्री. दिपाली गोठ्यात आणि शेतात. आक्काबाई निम्मा महिना लेकीकडं. रविवारी दुपारी तेवढ्या तिघी बाईंच्या पुढच्या खोलीत जमायच्या. म्हणून तर हा कट्टा. जिला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तिनं उघडावं. कट्ट्यावर पानांच्या शेजारी एक ब्लॉगही होता. तिथं आठवड्यातून एकदा प्रत्येकीनं आपल्याला काय कळलं, काय नाही, ते आपल्या नावानं लिहायचं.

बाईंनी धडाका लावला. पहाटे उठून त्या एकेक पान लिहायच्या. गुरुत्वाकर्षण, उष्णता, धातू, आनुवंशिकता. विज्ञान त्या प्राथमिकला शिकवत आल्या होत्या, दहावीचं त्यांनी नव्यानं वाचून काढलं. बघता बघता पंचवीस-तीस पानं झाली. बायका वाचायच्या आणि खाली लिहायच्या, "छान समजलं बाई." "खूप छान बाई." आक्काबाईला टंकायचा कंटाळा, ती नुसते जोडलेले हात टाकायची.

"बाई, पानं सुंदर आहेत," स्नेहल एकदा फोनवर म्हणाली, "पण सगळी तुमचीच आहेत. एकीनंही एका शब्दाला हात लावलेला नाही. त्या पाठ करतायत बाई. मुमताज मागच्या वर्षी पाठ करूनच अडकली होती. प्रश्न जरा फिरवून आला की संपलं."

हे बाईंना पटलं. आणि त्यावर काय करायचं हेही त्यांना लगेच सुचलं. फळ्यावर हा उपाय त्यांनी नोकरीभर केला होता. चौथीचा वर्ग पेंगायला लागला की त्या साती आठी चोपन्न लिहायच्या आणि पाठ वळवायच्या. मागून एकच गिल्ला व्हायचा, "बाई, चुकलं! बाई, चुकलं!" झोपलेला वर्ग जागा. मग ज्यानं चूक धरली त्याच्या हातात खडू द्यायचा.

बाईंनी भिंगांचं पान उघडलं. जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही त्या दोषाला निकटदृष्टिता म्हणतात, इथवर बरोबर लिहिलं होतं. पुढं उपाय होता अंतर्गोल भिंगाचा चष्मा. बाईंनी अंतर्गोल काढून तिथं बहिर्गोल घातलं आणि हात झटकले. आता बघू कोण ओरडतं ते.

कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी आक्काबाईचे जोडलेले हात आले. तिसऱ्या दिवशी मुमताजनं लिहिलं, "चष्म्याचं आता पक्कं झालं बाई." बाई जरा चपापल्या. पण तेवढ्यात कर्जतला धाकट्या बहिणीच्या नातीचं लग्न निघालं. बाई गेल्या त्या आठवडाभर तिकडंच अडकल्या. लग्नघरात टॅब कुठल्या पिशवीत गेला हेही त्यांना कळलं नाही. परत आल्या तोवर स्नेहलच्या शाळेत तिघींची सराव परीक्षा होऊन गेली होती.

दुपारचा चहा घेऊन बाईंनी ब्लॉग उघडला. मुमताजनं लिहिलं होतं:

"सराव परीक्षेत विज्ञानात पुन्हा काठावर राहिले. चष्म्याचा पूर्ण प्रश्न गेला. आकृती काढली, कारण लिहिलं, सगळं बाईंनी लिहिलं होतं तसंच्या तसं लिहिलं. तरी स्नेहल मॅडमनी चूक दिली. पाठ करताना माझंच काहीतरी उलटसुलट झालं असेल. बाईंनी माझ्यावर एवढी मेहनत घेतली आणि माझ्या डोक्यात राहत नाही. मला वाईट वाटतं."

बाईंच्या हातातला चहा तसाच निवला.

रविवारी तिघी आल्या. बाईंनी आढेवेढे न घेता विचारलं, "मुमताज, तू पुस्तक वाचलं होतंस ना?"

"वाचलं हुतं की. पुस्तकात अंतर्गोल हाय."

"मग?"

"मला वाटलं छपाईची चूक असंल. मीच पुस्तकात खोडून बहिर्गोल केलं." मुमताजनं पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं. निळ्या पेनानं नीट रेघ मारून वर अक्षर काढलं होतं.

दिपालीनं मान खाली घातली. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. "आणि तू काय लिहिलंस गं?"

"अंतर्गोल."

"व्हय गं?" आक्काबाई सुनेकडं गर्रकन वळली. "मंग मला का न्हाई बोललीस?"

"तुमीच म्हनला ना आत्या, बाईंच्या लिहिन्याला हात लावायचा न्हाई म्हनून. मी तर त्या दुरुस्तीच्या बटनावर दोनदा बोट नेलं आन मागं घेतलं."

"आणि आक्काबाई, तुम्ही काय लिहिलंत?"

"म्या त्यो प्रश्नच सोडला. म्हनलं, बाई आन पुस्तक भांडत्यात, आपुन मधी कशाला पडा?"

एरवी बाई हसल्या असत्या. त्या म्हणाल्या, "ती चूक मी मुद्दाम केली होती. तुम्ही धराल म्हणून."

मुमताजनं हातातलं पुस्तक मिटलं. मग मुमताजनं विचारलं, "मुद्दाम?"

"चौथीत करायचे तशी. आठवतं ना?"

"आठवतं." मुमताजनं आवाज चढवला नाही. "तवा तुमी चुकलं लिवलं की आमी ओरडायचो, कारन ओरडून आमचं काय जात नव्हतं. बाई, मी आता चौथीतली पोरगी न्हाई. वॉर्डात दोन चादरींच्या मधी मोबाईल काढून तुमचं पान वाचते मी. पुस्तकापरीस तुमच्यावर भरोसा टाकला. औंदा न्हाई तर मला कंदीच न्हाई. हे ठावं असून तुमी खेळ केला."

तिनं पुस्तक पिशवीत टाकलं आणि ती उठून गेली. आक्काबाई "अगं, ऐक तरी," म्हणेस्तोवर ती फाटकाबाहेर होती.

बाईंनी त्याच संध्याकाळी ते वाक्य दुरुस्त केलं. पण त्यानं काय होणार हे त्यांना कळत होतं. ही एक चूक त्यांना माहीत होती. बाकीच्या पंचवीस-तीस पानांत ज्या त्यांना माहीतच नसतील, त्या कोण धरणार? दिपालीला उत्तर येत असून तिनं बोट मागं घेतलं होतं. धाक बाईंनी कधी मागितला नव्हता, पण तो होता आणि त्या धाकापायी मुमताजची परीक्षा पणाला लागली होती. परीक्षेला महिना उरला होता. हातपाय गाळून बसणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्या शोधत राहिल्या, एवढंच.

त्याच आठवड्यात आक्काबाईकडं पापडांची सावड होती. बोरमळ्यात पापड, कुरडया, शेवया कुणी एकटीनं करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. सगळ्यांनी सगळ्यांकडं जायचं, यालाच सावड म्हणायचं. पूर्वी पेरणी-मळणीलाही अशी सावड असायची. ट्रॅक्टर आले आणि शेतातली गेली, ओट्यावरची तेवढी राहिली. सावडीला न जाणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. म्हणून रुसलेली मुमताजही पोळपाट घेऊन आली होती. बाईंकडं पाठ करून बसली होती, पण आली होती.

बाईंच्या मनगटात आता लाटायचा जोर नाही. त्या दोऱ्यानं पिठाच्या लाट्या पाडून देत होत्या आणि बघत होत्या. वर्षानुवर्षं बघत आलेलंच दृश्य. अंगणात जुनी लुगडी अंथरलेली, त्यावर पापड. आक्काबाईनं एक पापड लाटत आणला होता. शेजारून दिपालीनं न विचारता हात घातला, तो पापड सासूच्या पोळपाटावरून उचलला, आपल्या पोळपाटावर टाकला, कडेनं चार लाटणी फिरवून पातळ केला आणि लुगड्यावर फेकला. आक्काबाईनं वर बघितलंसुद्धा नाही. पुढची लाटी घेतली.

बाईंचा दोरा हातातच थांबला.

"दिपाली, सासूच्या हातातला पापड ओढून घेतलास?"

"सावडीत कुनाचा हात आन कुनाचा पापड, बाई?" दिपाली हसली.

"आक्काबाई, तुम्हाला राग नाही आला?"

"राग कशाचा? पापड जाड ऱ्हायला तर तळताना नाव कुनाचं निघंल? माजं. घर माजं हाय. तिनं पातळ केला, माजीच लाज राखली. आन घरवालीनं सावडीत बोलायचं नसतं. तिनं च्या करायचा आन गप बसायचं."

बाईंनी पीठ परातीत ठेवलं. हात पुसले. "मग माझ्याकडं सावड कधी?"

"तुमच्याकडं?" आक्काबाई म्हणाली. "तुमी तर पापड दुकानातनं आनता."

"पापडांची नाही. पानांची. तीसेक पानं मी एकटीनं लाटून ठेवली आहेत. काही जाड राहिली असतील, काही फाटली असतील. मार्चात ती तळली जातील तेव्हा नाव कुणाचं निघेल?" बाईंनी एकेकीकडं बघितलं. "इतकी वर्षं मी तुमच्या प्रत्येकीच्या सावडीला आले. माझ्या घरी तुमच्यातल्या एकीनंही पोळपाट मांडला नाही. याला काय म्हणायचं?"

हे दिपालीला लागलं. ती एकदम म्हणाली, "असं कसं म्हनता बाई? आमाला वाटलं, मान राखायचा."

"सावडीला न येणं हा कुठला मान?"

मुमताजची पाठ अजून तशीच होती. पण लाटणं थांबलं होतं. ती न वळताच म्हणाली, "घरवालीनं गप बसायचं असतं. बसाल का?"

"बसेन."

"बाई आन गप!" आक्काबाईनं असा काही चेहरा केला की ओट्यावरच्या साऱ्या बायका फिसकन हसल्या. मुमताजही हसली. मग तिनं तोंड वळवलं.

"मंग मला आधी कळू द्या खरं काय ते. पुस्तक एक म्हनतं, बाई आधी दुसरंच म्हनल्या आन मंग फिरल्या. आता मला कुनाचंच नको."

बाईंनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दिपाली कुजबुजली, "अगं, अंतर्गोल..."

"तुजंबी नको. मला दाखव. आक्का, तुमचा चष्मा द्या."

आक्काबाईचा चष्मा वाचायचा होता. मुमताजनं तो उन्हात धरला, खाली-वर करत राहिली. अंगणातल्या मातीवर एक धूसर वाटोळं पडलं, लहान होत होत त्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा लख्ख ठिपका झाला.

"आक्का, इथं हात ठेवा."

"आई गं! चटका बसला की मेले!"

"म्हंजी हा उजेड गोळा करतो. हे बहिर्गोल. आता दिपाली, तुजा." दिपालीला लांबचं दिसत नसे, तिचा चष्मा त्याचा. मुमताजनं तो धरला, वर नेला, खाली आणला. ठिपका काही पडेना. काचेची सावली तेवढी पडली आणि तिच्या कडेनं उजेडाची किनार. "हा गोळा करीतच न्हाई. पांगवतो." ती उकिडवी बसून त्या सावलीकडं बघत राहिली. बाईंच्या ओठावर शब्द आले होते. त्या घरवालीसारख्या चुलीपाशी जाऊन बसल्या आणि चहाचं पातेलं उगाचच हलवत राहिल्या.

"थांबा," मुमताज म्हणाली. "हिच्या डोळ्यात उजेड पडद्याच्या अलीकडंच गोळा हुतो. लवकर. म्हनून लांबचं फिस्काटतं. म्हंजी डोळ्यात जायच्या आधी त्याला जरा पांगवायला हवं. मंग त्यो नीट पडद्यावर जाऊन पडंल." तिनं मान वर केली. "म्हनून पांगवनारा चष्मा. म्हनून अंतर्गोल!"

बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा बघून कुणालाही उत्तर कळलं असतं.

मुमताजनं तिथंच मोबाईल काढला. "आगं, हात धू आधी, पीठ जाईल त्यात," आक्काबाई ओरडली. मुमताजनं पदराला हात पुसले आणि भिंगांचं पान उघडलं. बाईंनी दुरुस्त केलेलं वाक्य आता बरोबर होतं. तरी तिनं ते काढून टाकलं, आणि त्याजागी लिहिलं:

"चष्मा उन्हात धरा. ठिपका पडून चटका बसला तर तो बहिर्गोल, आक्कांचा आहे तसा. ठिपका पडलाच नाही तर अंतर्गोल, दिपालीचा आहे तसा. जवळच्या नजरेचा डोळा उजेड लवकर गोळा करतो, म्हणून त्याला पांगवणारं भिंग द्यायचं. कुणी सांगितलं म्हणून लिहू नका, धरून बघा."

खाली आपलं नाव टाकून तिनं जतनचं बटण दाबलं आणि मोबाईल बाईंच्या पुढं धरला. बाईंनी वाचलं. शेवटचं वाक्य त्यांच्यासाठी होतं, ते त्यांना पोचलं. आपलं वाक्य छान घोटीव होतं, ते गेलं, याची एक बारीक कळही उठली. घरवालीनं बोलायचं नव्हतं. त्यांनी चहा गाळला आणि पहिला कप मुमताजच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या पानांवर सावड बसली. सकाळी दिपाली गोठ्यातलं उरकून एक पान लाटायची, दुपारी आक्काबाई, ड्यूटी संपवून मुमताज. एकीनं अर्धवट सोडलेलं दुसरी पुरं करायची. आक्काबाईनं उष्णतेच्या पानावर चुलीवरच्या तव्याचं उदाहरण घातलं, दिपालीनं ते काढून गॅसचं घातलं, आक्काबाईनं चूल परत आणली. शेवटी दोन्ही राहिली. अवकाशाच्या पानावर तर दिपालीनं एक जुनीच चूक धरली आणि चाचरत फोन केला.

"बाई, तुमी नऊ ग्रह लिवल्यात. आठ हायेत."

"आठ? नववा गेला कुठं?"

"काढला म्हनं त्याला. लई वर्सं झाली."

"मला न विचारता?" बाई म्हणाल्या आणि मोठ्यानं हसल्या. मुद्दाम न केलेली चूक ती. ती धरणारं कुणीतरी होतं, आता त्यांना स्वस्थ झोप लागणार होती.

तीन आठवड्यांनी स्नेहलनं कट्टा उघडून बघितला तर बाईंची पानं तिला ओळखू येईनात. निम्मी वाक्यं बायकांची होती. काही बोजड होती, काही तिरपी, पण प्रत्येकाच्या मागं कुणीतरी काहीतरी करून बघितलेलं होतं. ती म्हणाली, "बाई, माझ्या वर्गातली पोरं हे वाचायला मागतायत. देऊ का?"

"विचार त्या तिघींना. पानं आता माझी कुठं राहिलीत?"

मार्चात परीक्षा झाली. पेपर देऊन आल्यावर मुमताजनं ब्लॉगवर काही लिहिलं नाही आणि बाईंनी काही विचारलं नाही.

मे संपता संपता निकालाचा दिवस उजाडला. आक्काबाई आणि दिपाली सकाळपासूनच बाईंच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. मुमताजची ड्यूटी होती, तिनं आपला बैठक क्रमांक बाईंकडं देऊन ठेवला होता. दुपारी एकला निकाल उघडला. आधी दिपालीचा. पहिला वर्ग. मग आक्काबाईचा. इंग्रजीत गेली होती.

"जाऊ द्या," आक्काबाईनं पदर झटकला. "पहिला वर्ग तर माज्याच घरात आला. इंग्रजीचं जुलैत बघते. आत्ता तिचं काढा."

बाईंनी आकडे टाकले. चष्मा उगाच दोनदा पुसला गेला. पान हळूहळू उघडलं. बाईंनी वरून खाली न वाचता सरळ विज्ञानावर नजर नेली. मग मुमताजला फोन लावला.

पहिल्याच घंटीला तिनं उचलला. "विज्ञान?" एवढंच.

"अठ्ठावन्न."

पलीकडं बादलीची कडी खण्णकन पडली.

"विज्ञान निघालं, मुमताज. पास झालीस."

"बाई," ती म्हणाली, "थांबा हां. ठेवू नका. मी आधी डॉक्टरबाईंना सांगून येते."

फोन कुठंतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग तिची पावलं, लगबगीनं लांब जाणारी. एक दार ढकललं गेलं. मधेच कुठल्यातरी नवजात बाळानं टाहो फोडला. बाईंनी आक्काबाईला आणि दिपालीला हातानंच जवळ बोलावलं, फोन तिघींच्या मधोमध धरला आणि लांबून येणारा तो हसरा कालवा तिघी ऐकत राहिल्या. ठेवू नका म्हणाली होती ती.